'सर्कस'मधला विकी ते 'लगान': चौकटीच्या कडेला उभा असलेला नट

जुना_अँटेना

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका परत दाखवल्या, तेव्हा घरातले सगळे रामायण-महाभारताला चिकटले होते. मी 'सर्कस'ची वाट बघायचो. अझीझ मिर्झा आणि कुंदन शाह यांची १९८९ ची मालिका. आता ती लोक शाहरुखसाठी बघतात, मीही त्याचसाठी लावली होती. पण दोन-तीन भागांनंतर लक्षात आलं की आपली नजर सारखी दुसऱ्याच एका पोरावर जातेय. विकी. तंबूत काही घडत असलं की हा कडेला उभा. बोलणारे दुसरे, रडणारे दुसरे, आणि हा ऐकतोय. आणि फार छान ऐकतोय! मालिकेतला नट बहुतेकदा आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभा असतो, ते चेहऱ्यावर दिसतंही. याच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

विकी म्हणजे आशुतोष गोवारीकर.

'लगान'वाले गोवारीकर सगळ्यांना ठाऊक आहेत. नट गोवारीकर कुणाला फारसे आठवत नाहीत, म्हणून हा धागा. माझा एक मुद्दा आहे, तो शेवटी मांडतो. आधी थोडी उजळणी.

सुरुवात १९८४ ची, केतन मेहतांचा 'होली'. महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा, कॉलेजच्या वसतिगृहात एका दिवसात सगळं पेटत जातं तो. त्यात हे होते, आमिर खानही होता. लांबलचक एकसलग शॉट्सचा सिनेमा. अशा शॉटमध्ये पोरांच्या घोळक्यातला एक जण जरी चुकला तरी पहिल्यापासून परत सुरू करावं लागतं. म्हणजे पहिला धडाच घोळक्यात राहण्याचा.

मग छोटा पडदा. अमोल पालेकरांची 'कच्ची धूप' (१९८७). ज्या इंग्रजी कादंबरीचा शांताबाई शेळक्यांनी 'चौघीजणी' केला, तिच्यावर बेतलेली. भाग्यश्रीला लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. मग 'सर्कस'. त्याच सुमारास 'इंद्रधनुष' ही मुलांची मालिका, त्यात उर्मिला मातोंडकर होती आणि एक गोलमटोल मुलगा होता, त्याचं नाव करण जोहर. नव्वदच्या दशकात झी टीव्हीच्या 'युल लव्ह स्टोरीज'मध्ये 'वापसी' नावाची दोन भागांची गोष्ट. आणि १९९८ ला 'सीआयडी' सुरू झाली तेव्हा त्यात वीरेंद्र नावाचा इन्स्पेक्टर. हो, प्रद्युम्नच्याच ब्युरोत!

सिनेमात काय मिळालं? 'सलीम लंगडे पे मत रो', 'चमत्कार', 'कभी हां कभी ना'. 'चमत्कार'मध्ये मॉन्टी, 'कभी हां'मध्ये बँडमधला इम्रान. मराठीत 'वजीर' आणि 'सरकारनामा'. एकातही पोस्टरच्या मधोमध नाहीत.

दिग्दर्शनाला सुरुवात झाली १९९३ ला, 'पहला नशा'. दीपक तिजोरी, पूजा भट्ट, रवीना. एका हॉलिवूड थरारपटाची नक्कल होती आणि ती पडली. दोन वर्षांनी आमिरला घेऊन 'बाझी', तोही यथातथाच. हे दोन्ही सिनेमे मी मुद्दाम परत पाहिले. दिग्दर्शक कोण हे पाटी न वाचता ओळखू येणार नाही. कुणीही केले असते असे सिनेमे.

आणि मग २००१ ला 'लगान'.

या दोघांच्या मध्ये काय झालं? नेहमीचं उत्तर असं की दोन सिनेमे आपटल्यावर माणसाने ठरवलं, आता नक्कल नको, मनातली गोष्ट सांगू. हे बरोबरच असेल. पण ती गोष्ट अशीच का निघाली? एका हिरोची का नाही निघाली? अकरा जणांची का? माझ्या मते याचं उत्तर त्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत आहे. चौकटीच्या कडेला उभं राहून ज्याने इतकी वर्षं ऐकलं, त्याला कडेच्या माणसाकडे काय काय असतं हे कळलेलं असतं. 'लगान'मधला प्रत्येक खेळाडू संघात कसा आला हे आजही आपल्याला सांगता येतं. कचरा, गोली, गुरन, बाघा, देवा, लाखा. पाऊणेचार तासांचा सिनेमा तेवढा लांब झालाय तो या लोकांमुळे. भुवनची गोष्ट दोन तासांत संपली असती.

तर माझं म्हणणं इतकंच: गोवारीकरांचे चांगले सिनेमे हे साहाय्यक नटाने काढलेले सिनेमे आहेत.

बोला.

---

तिसरी_घंटा

वाह! 'कच्ची धूप' म्हटलं आणि शीर्षकगीत डोक्यात वाजायला लागलं, आता दिवसभर जाणार नाही.

तुमच्या मुद्द्याला जोड देते. 'लगान'च्या संघाकडे टीव्हीच्या चष्म्यातून पाहा. देवा सरदार म्हणजे प्रदीप रावत, चोप्रांच्या 'महाभारत'मधले अश्वत्थामा. गुरन म्हणजे राजेश विवेक, त्याच 'महाभारत'मधले व्यास. अर्जन म्हणजे अखिलेंद्र मिश्रा, 'चंद्रकांता'चा क्रूरसिंग (यक्कू!). भुरा म्हणजे रघुवीर यादव, आपले मुंगेरीलाल. गोली झालेले दयाशंकर पांडे पुढे 'तारक मेहता'मध्ये चालू पांडे झाले. आणि कचरा झालेला आदित्य लाखिया 'कभी हां कभी ना'च्या पोरांमध्येही होता.

म्हणजे 'लगान'मधल्या चंपानेर गावाचा अर्धा संघ दूरदर्शनच्या वेळापत्रकातून आलाय. स्टार लोकांच्या पार्ट्यांमधून असा संघ जमत नाही. ज्याने स्वतः त्या रांगेत खुर्ची टाकून दिवस काढलेत, त्यालाच ठाऊक असतं की तिकडे कोण काय वकुबाचा माणूस बसलाय.

---

फुलस्टॉप

लेख चांगला आहे पण सिद्धान्त आधी आणि पुरावे मागाहून, असं वाटलं.

१. 'जोधा अकबर' (२००८) घ्या. दोन सुपरस्टार, दागिने, हत्ती. तिथे कडेची माणसं कुठे आहेत?
२. 'मोहेंजो दारो' (२०१६) घ्या. एक हिरो, एक मगर, एक खलनायक. कडेचे सगळे पुठ्ठ्याचे.
३. क्रिकेट हा अकरा जणांचाच खेळ आहे हो. त्यावर सिनेमा काढला की अकरा जण येणारच. त्यासाठी 'सर्कस'मध्ये काम केलेलं असावं लागतं असं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर गोवारीकरांना संकलनाच्या कात्रीची भीती वाटते. त्यालाच तुम्ही कडेच्या माणसांवरचं प्रेम म्हणताय.

---

जुना_अँटेना

@फुलस्टॉप, मी 'चांगले सिनेमे' असं लिहिलंय, ते मुद्दामच लिहिलंय :) 'मोहेंजो दारो' माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. कडेची माणसं पुठ्ठ्याची झाली आणि सिनेमा पडला.

'जोधा अकबर'ची हरकत मात्र मान्य. तो खरोखर दोन माणसांचा सिनेमा आहे आणि मला आवडतो. तिथे माझं घोडं अडतं.

क्रिकेटचं पटत नाही. क्रिकेटवर कितीतरी सिनेमे आले, त्यातला सातव्या क्रमांकाचा फलंदाज कुणाला आठवतो?

---

सहायक_नं_४

मी एका मराठी दैनंदिन मालिकेत दोन वर्षं सहायक दिग्दर्शक होतो. नाव घेत नाही, अजून ओळखी आहेत. आता या धंद्यात नाही, सुखी आहे.

मालिकेतला नट दिग्दर्शन शिकतो का, यावर आतून सांगतो. शिकतो, पण काय शिकतो ते मालिका कोणती यावर ठरतं.

आमच्याकडे सकाळी सातची शिफ्ट. बारा-तेरा तास. आठवड्याचे सहा भाग हवेत, बँक संपलेली. बँक म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग. ती संपली की आज शूट केलेलं परवा टेलिकास्टला. सीनचा कागद सेटवर तासभर आधी येतो, कधी तर मेकअपच्या खुर्चीत मोबाइलवर येतो. मग मास्टर, म्हणजे अख्ख्या प्रसंगाचा शॉट घ्या, सगळ्यांचे क्लोज घ्या, सासूची रिअ‍ॅक्शन घ्या, की पुढे चला. एपिसोड डायरेक्टर बिचारा वाहतूक पोलीस झालेला असतो. इथे नटाला पटकन पाठ करणं, मार्कवर थांबणं, प्रकाश कुठून येतोय ते न बघता ओळखणं आणि कंटिन्युइटी सांभाळणं हे सगळं येतं. मागच्या शॉटला पेला डाव्या हातात होता हे आमच्या एका ज्येष्ठ बाईंना स्क्रिप्टच्या मुलीपेक्षा आधी आठवायचं. ही कलाकुसर आहे, तिला कमी लेखू नका. पण गोष्ट कुठे चाललीय हे नटाला ठाऊक नसतं. लेखकालाही नसतं. टीआरपीचे आकडे आले की ठरतं. मग गोष्ट बांधायची कशी, हे तिथे कोण कुणाला शिकवणार?

'कच्ची धूप', 'सर्कस'चा काळ वेगळा. आठवड्याला एक भाग, मोजके भाग, बहुतेकदा सगळी गोष्ट हातात. आणि सेटवर पालेकर, कुंदन शाह असली माणसं. हे 'सर्कस'चं शूटिंग तर खऱ्या सर्कशीच्या तंबूत, खऱ्या कलाकारांबरोबर. विशीतल्या पोराला शाळा म्हणून याहून काय पाहिजे? आजच्या मालिकेतल्या पोराला ती मिळत नाही, आणि मग "आजकालचे नट दिग्दर्शनात का चमकत नाहीत" म्हणून आपण धागे काढतो.

बाकी कडेला उभं राहण्याबद्दल. आमच्या मालिकेत एक गृहस्थ होते, काकांचं काम. आठ-आठ दिवस त्यांना एकही वाक्य नसायचं. सोफ्यामागे उभं राहायचं, बस. ते शॉटच्या मधे मला हळूच सांगायचे, "अरे, ती आत्ता रडते आहे ते खोटं वाटतंय, कारण तिच्यामागचं दार उघडं आहे. रडणारा माणूस आधी दार लावतो." मी जाऊन दिग्दर्शकाला सांगितलं. दिग्दर्शक म्हणाला, काकांना सांग सोफा धरून उभे राहा. पण बरोबर तेच होते हो! आजही सिनेमा बघताना कुणी रडायला लागलं की मी आधी दार बघतो.

---

मांजरपाट

@सहायक_नं_४, दाराचं जबरदस्त आहे. वेगळा धागा काढा, कृपया.

---

कोकम_सरबत

गोवारीकरांवरच चर्चा आहे हे कळतंय, पण टीव्हीवरून दिग्दर्शनाकडे गेलेल्या बायकांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

'सर्कस'मध्येच आणखी एक भावी दिग्दर्शिका होती. रेणुका शहाणे. पुढे 'सुरभी'ने तिला घराघरात नेलं. सिद्धार्थ काक आणि ती, पोस्टकार्डांचे ढीग, ते हसू. लोकांनी तिला त्या हसण्यातच कायमचं बसवून टाकलं. 'हम आपके है कौन'नंतर तर सगळ्या देशाची वहिनी. आणि या बाईने पहिला सिनेमा कुठला काढला? 'रीटा' (२००९). शांता गोखल्यांच्या, म्हणजे आपल्याच आईच्या, 'रीटा वेलिणकर' कादंबरीवर. विवाहित पुरुषाशी नातं असलेली, घर ओढणारी, मोडून पडलेली बाई. पल्लवी जोशीने केली होती, तीही टीव्हीचीच. 'सुरभी'तल्या हसऱ्या मुलीकडून कुणी अशा सिनेमाची अपेक्षा केली होती? मग बारा वर्षांनी, २०२१ ला, 'त्रिभंग'. तन्वी आझमी, काजोल, मिथिला पालकर. लेखिका आई, तिच्यावर चिडलेली मुलगी, आणि त्या दोघींना बघून तिसराच रस्ता धरणारी नात.

दोन सिनेमांत बारा वर्षांचं अंतर. गोवारीकरांचे पहिले दोन सिनेमे पडल्यावर सहा वर्षांत 'लगान' उभा राहिला. बाईला तेवढ्या सहज तिसरी संधी मिळते का, हाही प्रश्न विचारायला हवा. विचारून ठेवते.

---

तिसरी_घंटा

@कोकम_सरबत ताई, अगदी. आणि मृणाल कुलकर्णींना विसरू नका.

दूरदर्शनवरच्या 'स्वामी'तली रमा. रवींद्र मंकणींचा माधवराव, गजानन जहागीरदारांचं दिग्दर्शन. तेव्हा त्या शाळकरी वयातल्या. गोनीदांची नात एवढीच काय ती ओळख. मग 'सोनपरी', मग 'अवंतिका'. आणि २०१४ ला स्वतः 'रमा माधव' काढला. रमा झाली पर्ण पेठे, आणि मृणालताई स्वतः झाल्या गोपिकाबाई, म्हणजे रमेची सासू!

माझ्या आईला हे काही केल्या पचेना. "आमची रमा आणि गोपिकाबाई?" करत मध्यंतरापर्यंत फणफणत होती. नंतर गप्प बसली. घरी येऊन म्हणाली, "सोळाव्या वर्षी जिचा राग यायचा ती बाई आता तिला कळली असेल." आई काही समीक्षक नाही, पण त्या सिनेमावर मी वाचलेल्या कुठल्याही परीक्षणात एवढं नेमकं वाक्य नव्हतं.

सिनेमा म्हणून तो मला थोडा सपाट वाटला, हेही सांगून टाकते. पोशाख आणि पल्लेदार वाक्यं जास्त, श्वास कमी.

---

फुलस्टॉप

ऐतिहासिकचा विषय निघालाच आहे तर 'पानिपत' (२०१९). गोवारीकर मराठी माणूस, विषय मराठी, शनिवारवाड्याचा भव्य सेट. मल्हारराव होळकर म्हणून रवींद्र महाजनी, जनकोजी म्हणून गश्मीर, गोपिकाबाई पद्मिनी कोल्हापुरे. कडेची माणसं ओळीने उभी आहेत. आठवतं का त्यातलं कोणी? सदाशिवराव, पार्वतीबाई आणि अब्दाली सोडले तर बाकीचे दरबारात उभे असतात आणि एकेक वाक्य बोलून पुन्हा उभे राहतात.

साहाय्यक नटाचा सिनेमा ना? मग पानिपतावर, जिथे बाजारबुणग्यांपासून यात्रेकरूंपर्यंत लाखभर माणसं कडेला उभी होती, तिथे हा दिग्दर्शक त्यांच्याकडे का बघत नाही?

उत्तराची वाट बघतोय. खवचटपणाने विचारत नाहीये.

---

जुना_अँटेना

@फुलस्टॉप, हा प्रश्न चांगला आहे आणि दोन दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून उशीर.

माझा अंदाज असा. 'लगान' आणि 'स्वदेस'मधली माणसं काल्पनिक आहेत. त्यांना मोकळेपणाने वेंधळं, भित्रं, लबाड दाखवता येतं. लाखा फितूर होतो, गोली त्या विचित्र पद्धतीने हात गरगरा फिरवून चेंडू टाकतो. इतिहासातल्या माणसाला असं काही करायला लावलं की दुसऱ्या दिवशी मोर्चा. 'जोधा अकबर'च्या वेळी राजस्थानात झालंच, 'पानिपत'च्या वेळी जाट राजा सूरजमलच्या चित्रणावरून झालंच, शेवटी सिनेमातून काही मिनिटं कापावी लागली. मग दिग्दर्शक काय करतो? सगळ्यांना ताठ उभं करतो. ताठ उभ्या माणसाचं कुणाला काही वाईट वाटत नाही. आणि तो लक्षातही राहत नाही.

हे पूर्ण उत्तर नाही, मलाही कळतंय. चितगावच्या उठावावरच्या 'खेलें हम जी जान से'मध्ये (२०१०) तर शाळकरी पोरांची अख्खी फौज होती, माझ्या सिद्धान्ताला अगदी सोन्यासारखा विषय. तरी ती पोरं वेगवेगळी लक्षात राहत नाहीत. तिथे माझ्याकडे काही सबब नाही.

जाता जाता एक गंमत. 'व्हॉट्स युअर राशी' (२००९), प्रियांका चोप्राच्या बारा भूमिका. तो मधु राय यांच्या गुजराती कादंबरीवर आहे. त्याच कादंबरीवर दूरदर्शनवर 'मिस्टर योगी' येऊन गेली होती, मोहन गोखल्यांची. दिग्दर्शक केतन मेहता! ज्यांनी 'होली'त पहिली संधी दिली, त्यांच्याच मालिकेची गोष्ट शिष्याने वीस वर्षांनी पडद्यावर आणली. मालिका कितीतरी पटीने खुमासदार होती, ते जाऊ दे. मोहन गोखल्यांना तोड नाही.

---

मांजरपाट

मिस्टर योगी!!! सूत्रधार ओम पुरी!!!

माफ करा, राहवलं नाही.

---

दुपारची_झोप

शांतपणे वाचत होतो. मूळ लेखात 'वापसी' एका ओळीत उरकलीय, त्यावर थोडं लिहितो, कारण धाग्याचा खरा गाभा मला तिथे दिसतो.

'वापसी'त गोवारीकर परदेशातून परत आलेल्या माणसाचं काम करत होते. त्या माणसाचं नाव मोहन भार्गव. म्हणजे 'स्वदेस'चं (२००४) बीज त्या दोन भागांत आहे. नट म्हणून जी भूमिका स्वतः केली, तीच गोष्ट दहा वर्षांनी मोठी करून, नाव तेच ठेवून, ती भूमिका शाहरुखला दिली. आता क्रम लावा. 'सर्कस'मध्ये शाहरुख मधे, गोवारीकर कडेला. 'चमत्कार'मध्ये तेच. 'कभी हां कभी ना'मध्ये तेच. मधे एकदाच 'वापसी'मध्ये गोवारीकर स्वतः मधोमध. आणि मग 'स्वदेस'मध्ये ती मधली जागा आपण होऊन पुन्हा त्याच माणसाला.

आपण केलेली भूमिका दुसऱ्याला द्यायची म्हणजे नटासाठी सोपं काम नाही. प्रत्येक वाक्य कसं म्हणायचं हे तोंडात बसलेलं असतं. तरी 'स्वदेस'मधला शाहरुख हा इतर कुठल्याही सिनेमातल्या शाहरुखपेक्षा कमी हलतो. हात पसरत नाही. स्टेशनवर चार आण्याला पाणी विकणारा पोरगा येतो, तेव्हा तो फक्त बघतो, पाणी घेतो, पितो. ज्या नटाने पंधरा वर्षं शेजारी उभं राहून शाहरुखला पाहिलं होतं, त्यालाच ठाऊक असणार की याच्याकडून काय काय काढून घेतलं की खाली काय उरतं.

सिनेमा तेव्हा चालला नाही, आणि आता वर्षातून दोनदा सगळ्यांना त्याची आठवण येते, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी.

(गाव म्हणून दाखवलंय ते वाईजवळचं मेणवली. नाना फडणविसांचा वाडा आणि घाट. तिथे गेल्यावर सगळे मामा लोक "स्वदेस इथेच" सांगतात, नाना फडणवीस दुसऱ्या नंबरावर.)

---

सहायक_नं_४

@दुपारची_झोप, "काय काढून घेतलं की काय उरतं" याला अनुमोदन. सेटवर याला आम्ही 'कमी कर' म्हणायचो. दिग्दर्शक दिवसातून चाळीस वेळा म्हणतो, "कमी कर." पण किती कमी, हे सांगायला स्वतः केलेलं असावं लागतं. नसेल तर नट नुसता मख्ख होतो.

प्रसाद ओकबद्दलही हेच वाटतं. 'वादळवाट', 'अवघाचि संसार' करत करत, विनोदी कामं करत करत माणसाने 'कच्चा लिंबू' (२०१७) काढला. जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध'वरचा, कृष्णधवल. मतिमंद मुलगा आणि थकलेले आईबाप. सोनाली कुलकर्णी आणि रवी जाधव, म्हणजे दिग्दर्शकालाच नट केलंय! राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात कुणीही एकदाही मोठ्याने रडत नाही, असं मला आठवतंय. मालिकेत इतकी वर्षं रडारड पाहिलेल्या माणसाने घेतलेला सूडच तो!

---

कोकम_सरबत

आणि गोवारीकर पुन्हा नट झाले त्याबद्दल? 'व्हेंटिलेटर'! २०१६ ऑगस्टला 'मोहेंजो दारो' आपटला आणि नोव्हेंबरला 'व्हेंटिलेटर' आला. राजेश मापुसकरांचा. त्यात गोवारीकरांची भूमिका सिनेदिग्दर्शकाचीच, राजा कामेरकर. दवाखान्यात म्हातारा व्हेंटिलेटरवर, आणि बाहेर अख्खं कामेरकर खानदान: कुणी रडतंय, कुणी गणपतीचं काय करायचं विचारतंय, कुणी सिनेमात काम मागतंय. शंभराहून जास्त नट असतील. आणि हा मधे अवघडून उभा. वर्षं मोजली तर 'सरकारनामा'नंतर अठरा वर्षांनी मराठीत.

मला तर तो सिनेमा बघताना विकीच आठवला असता, मी 'सर्कस' पाहिली असती तर. (पाहिली नाही. मारू नका.)

त्यानंतर 'काला पानी'तले नायब राज्यपाल आणि 'मानवत मर्डर्स'मधले रमाकांत कुलकर्णी, दोन्ही मस्त. मानवतच्या गावकऱ्यांसमोर बसून नुसतं ऐकत राहणारा पोलीस अधिकारी. पुन्हा ऐकणं आलंच!

---

फुलस्टॉप

काल रात्री 'स्वदेस' लावला. धागाकर्त्याला खोडून काढायला लावला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

गावात पडद्यावर सिनेमा दाखवतात तो प्रसंग. वीज जाते, मग 'ये तारा वो तारा'. इतकी वर्षं मला त्यातलं गाणंच आठवत होतं. काल बसण्याची रचना पाहिली. पडद्याच्या पुढे सवर्ण मंडळी, आणि पडद्याच्या मागे बाकीचे. मागच्यांना सिनेमा दिसतो, पण उलटा. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. अशी सवय झालेली की त्यांना त्यात काही खटकतही नाही. मोहन पडदा उतरवतो, आणि कॅमेरा मागच्या लोकांच्या चेहऱ्यांवरून जातो. घाई न करता. मी मोजत होतो, पण नंतर मोजायचं विसरलो.

'पानिपत'वरची माझी हरकत कायम आहे. कात्रीचीही कायम आहे, 'स्वदेस' वीस मिनिटांनी कमी असता तरी चाललं असतं.

पण 'सर्कस' कुठे बघायला मिळेल?

---

जुना_अँटेना

यूट्यूबवर तुकड्या-तुकड्यांत आहे, चित्र खराब आहे. कडेला बघा.